रागावण्याची लांबी

१२ ऑक्टोबर

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण तसं नसतं तर एव्हाना तू रुसवा सोडून कळवलं असतंस. गुडघ्याला पट्टा बांधतेस ना? की कपाटात जपून ठेवला आहेस?

पत्र बघून चकित होशील. जिने उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात घालवला, आणि शेवटी तर सुपरवायझर म्हणून खोलीभर मुलींवर ओरडण्यात, तिने पत्र का लिहावं? फोनचा कंटाळा आला आहे, असं समज. तूर्त एवढ्यावर समाधान मान.

बातम्या फार नाहीत. मागच्या गल्लीतला शिंपी दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला, माझे अर्धवट शिवलेले पडदे घेऊन. समोरच्या घराला नवा रंग दिलाय, आजारी माणसाच्या जिभेसारखा. स्वयंपाकघरातला गळका नळ आपणहून गळायचा थांबला. मी काही केलं नाही. दुर्लक्ष केलं की काही गोष्टी आपोआप सुधारतात, हे माझं जुनं मत तुला ठाऊक आहेच.

आता तू माझ्या मागे लावून गेलीस त्या यंत्रांविषयी.

आधी उजळणी करते, म्हणजे दोघींच्या आठवणीत फरक नको. माझ्या हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे, हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. तिच्यावर नजर ठेवायची आणि त्रास सुरू झाला की बदलायची, एवढं ठरलेलं होतं. गेल्या खेपेला तू राहायला आलीस, जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी मी रोज थांबते हे पाहिलंस, आणि मला न विचारता जाऊन डॉक्टरांना सांगितलंस, की ही बाहेर बघत नसते, श्वास घेत असते. मी तुला घरभेदी म्हटलं. तू अर्धा चहा तसाच ठेवून बॅग उचललीस. तुझ्या चहाडीचा परिणाम असा, की इतके दिवस दवाखान्यात असलेली ती नजर उठून माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली.

रोज सकाळी उठल्यावर वजनकाट्यावर उभं राहायचं. मग दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब. मग प्राणवायू मोजायला बोटाला एक चिमटा. शेवटी एक गुळगुळीत चकती छातीवर दाबून धरायची. तिच्यातून हृदयाचा आवाज थेट हॉस्पिटलात जातो. आकडे आपोआप पोचतात. ते पोचले की टॅबच्या पडद्यावर एक सिस्टर उगवते. तिच्यामागे कायम तेच निळं कपाट. ती हॉस्पिटलातल्या एका खोलीत बसून घरोघरच्या झडपांवर लक्ष ठेवते.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, आता छाती पाठवा."

मी तिला सांगितलं की मी कुणाची आजी नाही, आणि छाती पाठवायची म्हणजे सुटी पाठवायची की पार्सल करून? त्यानंतर तिला एकूणच बोलण्याच्या रीतीवर, कामाच्या वेळेवर, केस बांधण्यावर आणि आजकालच्या शिक्षणावर चार शब्द ऐकवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं मावशी. आता आवाज पाठवा." मी म्हटलं, मी तुझ्या आईचीही बहीण नाही. मग ती मॅडमवर आली. तेव्हापासून रोज सकाळी माझा एक कार्यक्रम झाला. ती उगवली की मी तिला रागावते. ती हसत नाही, उलट बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवते. तुझ्यापेक्षा चिवट आहे म्हणायची.

रागावणं झालं की तिचे प्रश्न. छातीत दुखतं का? चक्कर येते का? पाय सुजलेत का? जिना चढताना दम लागतो का?

नाही, नाही, नाही आणि नाही. खोटं बोलले असं म्हणायची सोय नाही. आपल्या कॉन्व्हेंटमधली ती खडू मोडणारी सिस्टर आठवते ना? 'जेवढं विचारलं तेवढंच, खरं, आणि पूर्ण वाक्यात.' मी रोज पूर्ण वाक्यात सांगते, "जिना चढताना मला दम लागत नाही." अक्षरन् अक्षर खरं आहे.

वरच्या खोलीत फार उकडतं म्हणून पलंग खाली, जेवणाच्या खोलीत आणून घेतला आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडलं तर आता घरात मला कुठे जावंच लागत नाही. फार सोयीचं झालं. हल्ली घसा कोरडा पडतो, म्हणून पाण्याचा पेला हाताशी असतो. बाकी सगळं क्षेम.

पत्र इथे संपवणार होते.


१३ ऑक्टोबर, सकाळ

काल इथवर लिहून पाकीट शोधायला उठले, आणि पाकीट सापडूनही परत येऊन बसले. चिंगी, मी ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. तुला ते पहिल्या ओळीपासून दिसत असणार. तू लहानपणीही माझी पत्रं उलटीकडून वाचायचीस, शेवट आधी.

तर ऐक. गेल्या आठवड्यात एक दिवस सिस्टर जरा उशिरा उगवली. मला निमित्तच हवं असतं. मी सुरुवात केली, की आमच्या एक्सचेंजमध्ये अशी उशिरा येणारी मुलगी. मग पाणी प्यायले. दारातून परत गेली असती. मग पाणी प्यायले. इथे कुणाचा वेळ. पेला संपला.

ती बघत राहिली. मग तिने आकड्यांचा कागद बाजूला सारला.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

मी म्हटलं, रागावणं तर चालूच आहे.

"तेच म्हणते. तुमचं रागावणं आखूड झालंय." तिने अगदी तब्येतीचा आकडा सांगावा तसं सांगितलं. "पूर्वी तुम्ही माझ्या केसांपासून सुरू करून देशाच्या शिक्षणापर्यंत एका दमात जायच्या. मी वाट बघायचे, यांना थांबायला जागा कुठे सापडते. आता तीन शब्द झाले की पाणी पिता. आकडे बरे आहेत तुमचे. पण रागावणं नाही बरं."

मी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"तुम्ही जिना शेवटचा कधी चढलात?"

बघ. इतके दिवस ती विचारत होती, चढताना दम लागतो का. जी चढतच नाही, तिला चढताना दम कुठून लागणार? माझं उत्तर त्या फटीतून रोज सुखरूप निसटत होतं. त्या दिवशी तिने फट बुजवली.

मी काय केलं असेल? टॅब उचलला आणि टेबलावर उपडा घातला.

पण बंद केला नाही. वर्षानुवर्षं मुलींकडून घोकून घेतलेला नियम, की बोलणाऱ्याची लाइन तोडायची नाही. हात बटणापर्यंत गेला आणि सवयीने थांबला. टॅबखालून तिचा आवाज येत राहिला, दबलेला, पांघरुणातून आल्यासारखा. "मॅडम, मी इथेच आहे. असली झडप लबाड असते. माणूस आपणहून कमी कमी चालायला लागतो, कमी चढतो, आणि त्याला वाटतं त्रास नाहीच. सगळे असंच करतात. तुमची काही चूक नाही त्यात."  तिने लाइन तोडली नाही. मीही नाही.

आवाजावरून माणूस ओळखणं हा माझा धंदा होता, चिंगी. कोण रडून आलंय, कोण खोटं बोलतोय, कुणाच्या घरी काय झालंय, हे 'नंबर द्या' एवढ्या दोन शब्दांवरून मी सांगत असे. डॉक्टर ही यंत्रं देणार म्हणाले तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, की तारेवरून दुखणं कळतं का म्हणून तू नाक मुरडतेस, आणि जन्मभर केलंस काय?  

मी टॅब सुलटा केला. ती होती तिथेच, निळ्या कपाटापुढे. पूर्ण वाक्यात सांगितलं, "माझी बहीण भांडून परत गेली त्या आठवड्यापासून मी जिना चढलेले नाही."

तुझ्या पाठोपाठ वर गेले होते त्या दिवशी. तू बॅग भरत होतीस आणि मला खोलीच्या दारात येऊन तुला थांब म्हणायचं होतं. वळणाच्या खिडकीपाशी थांबले. जरा जास्तच थांबावं लागलं. बाहेर काय दिसत होतं विचारशील तर काहीही नाही, खिडकी काळी झाली होती. दिवसा. तोवर तू एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन माझ्या शेजारून खाली उतरलीस. तुला वाटलं मी तोंड फिरवून उभी आहे.

फोन न करता पत्र का, ते आता कळलं असेल. पत्राला दम लागत नाही. फोनवर माझं पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं असतं आणि तू माझीच बहीण, तुला ते तिथल्या तिथे कळलं असतं.

मग सगळं भराभर झालं. सिस्टरने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. तपासणी झाली. पडद्यावर त्यांनी मला माझी झडप दाखवली. दार म्हणून जे उघडायला हवं, ते आता लेटरबॉक्सच्या फटीएवढं उघडतं आणि तेवढ्यातून बिचारं हृदय माझा सगळा संसार बाहेर ढकलतंय. आता वाट बघायची नाही, असं ते म्हणाले. छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप घडी करून वर नेतात आणि तिथे उघडतात, छत्रीसारखी. नाही बसवली तर काय, असं मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर बघण्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

एकोणतीस तारखेला आहे.

सिस्टरने काल विचारलं, "तुमच्यासोबत कोणी आहे का?" मी म्हटलं, "मला बहीण आहे." आहे म्हटलं, येणार आहे म्हटलं नाही. पोरीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येणार आहे का?" शिकली, चिंगी. महिनाभर माझ्याकडून शिव्या खाल्ल्या आणि तेवढ्यात प्रश्न विचारायला शिकली.

मी तिला विचारून सांगते म्हटलं. तर आता तुला विचारते, पूर्ण वाक्यात. माझ्या ऑपरेशनला तू येशील का?

नळ पुन्हा गळायला लागला आहे.

जेवढं विचारलं तेवढंच उत्तर दे. खरं दे. बाकी सगळं तू आल्यावर, किंवा न आल्यावरही, मला मान्य आहे.

तुझी
ताई


४ डिसेंबर

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. पोचलीस, गुडघा ठणकतोय आणि गाडीत शेजारची बाई पूर्ण रस्ता बोलत होती, हे कळलं. ती बाई तुझ्याबद्दल घरी काय सांगत असेल याचाही जरा विचार कर.

तू गेल्यावर घर मोठं झालं आहे. तू नळ दुरुस्त करवून घेतलास, त्यामुळे आता स्वयंपाकघरात आवाजही नाही. तुझा चष्मा इथेच राहिला आहे. म्हणजे हे पत्र तू हात लांब करून वाचते आहेस. पाठवते.

इतके दिवस तू समोर होतीस तेव्हा जे बोलले नाही ते लिहायला बसले आहे. समोर असलीस की आपण भांडतो. बरं चालतं त्यात, पण काही गोष्टी राहून जातात.

हॉस्पिटलात मला आत नेण्याआधी त्या टेबलामागच्या माणसाने तुला विचारलं होतं, पेशंटशी नातं काय? तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "घरभेदी." त्याने मान वर करून दोनदा पाहिलं. मी ढकलगाडीवर आडवी, आणि हसू असं फुटलं की ढकलणाऱ्याला थांबावं लागलं. हसता हसता दम लागला. त्या झडपेने दिलेला तो शेवटचा दम. चांगला वापरला गेला, असं मला वाटतं.

तू तो शब्द परत केलास, आणि असा केलास की मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीस. हे तुझं नेहमीचंच आहे. लहानपणी माझी फुटलेली पाटी तू स्वतःच्या दप्तरात घालून घरी आणली होतीस, तेव्हाही तोंडातून एक शब्द काढला नव्हतास. तेव्हा आभार मानले नव्हते, ते यात धरून घे.

तू बॅग उचलून गेलीस खरी, पण आधी चहाडी करून गेलीस. ती केली नसतीस तर ही चकती माझ्या छातीवर आली नसती, ती सिस्टर पडद्यावर उगवली नसती, माझ्या रागावण्याची लांबी कुणी मोजली नसती, आणि मी त्या पलंगावर जेवणाच्या खोलीत दिवसेंदिवस जास्त जास्त सोयीस्कर होत गेले असते. कुणालाही त्रास न देता. माझ्यासारख्या बाईसाठी त्यापेक्षा वाईट मरण नाही.

सिस्टर अजून रोज येते. नवीन झडपेवरही नजर ठेवतात. वजन, रक्तदाब, चकती, सगळं आहे तसंच. घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी ती उगवली तेव्हा तू शेजारी चष्मा पुसत बसली होतीस, तुला आठवत असेल. ती म्हणाली, "बोला काहीतरी." मी बघितलं तर तिने केस कापून घेतलेले. मग मी केसांवरून सुरू केलं. तिथून न्हाव्यांवर गेले, तिथून हॉस्पिटलच्या चहावर, मग मला ओंडक्यासारखं आडवं घेऊन जाणाऱ्या त्या दोघांवर, आणि शेवटी बहिणींवर, सर्वसाधारणपणे. तू मध्ये कोपर मारलंस तरी थांबले नाही. संपलं तेव्हा तिचे डोळे भरले होते की पडदा धूसर होता, मला सांगता येणार नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मध्ये पाणी प्यायला नाहीत."

मी तिला दुरुस्त केलं नाही. तूही लक्षात ठेवून मला चिडवलं नाहीस. आता ती मावशीच म्हणते. एकदा मी तिला म्हटलं, समोरासमोर भेटलो तर मी तुला कपाटावरून ओळखीन. ती म्हणाली, मी तुम्हाला रस्त्याच्या पलीकडून ओळखीन, डोळे मिटून.

आपल्या शाळेतल्या खडूवाल्या सिस्टरचाही मी हल्ली विचार करते. वाईट नव्हती. खरं बोला म्हणाली, त्यात काही चुकलं नाही. फक्त तिच्या वर्गात प्रश्न विचारायचं काम नेहमी तिचं होतं. पुढे आयुष्यात आपल्याला नेमकं काय विचारायचं हे कुणालाच सुचलं नाही तर काय करायचं, ते तिने शिकवलं नाही. ते त्या निळ्या कपाटापुढच्या पोरीने शिकवलं, आणि तू.

तर आता शेवटची बातमी, जिच्यासाठी कागद घेतला.

काल डॉक्टरांची परवानगी मिळाली. पलंग अजून खालीच आहे, तो उचलायला माणसं उद्या येतील. पण मी वाट बघितली नाही. आज सकाळी चकती पाठवून झाल्यावर सिस्टरला म्हटलं, लाइन चालू ठेव. टॅब काखेत मारला आणि जिना चढायला लागले.

वळणावर थांबले. आता तू म्हणशील, बघा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तसं नाही. त्या खिडकीतून समोरच्या घराची गच्ची दिसते, आणि त्या जिभेच्या रंगाच्या भिंतीवर एक मांजर आपल्या पिल्लांना उडी मारायला शिकवत होतं. दोन उडी मारून गेली. तिसरं मारेना. मांजर परत येऊन त्याच्याजवळ बसलं. मी ते पूर्ण बघितलं. काखेतून सिस्टर विचारत होती, "मावशी, थांबलात का? दम लागला का?" मी तिला टॅब फिरवून मांजर दाखवलं. मग आम्ही दोघींनी बघितलं.

तिसऱ्याने शेवटी उडी मारली. मग मी वर गेले.

हे पत्र वरच्या खोलीतून लिहिते आहे, तुझ्या पलंगावर बसून. इथे उकडत नाही. कधीच उकडत नव्हतं.

यातलं तू काहीच विचारलं नव्हतंस.

न विचारता सांगणारी,
तुझी ताई